झेनोब्लेड मालिकेतील लढाई आणि भटकंती यांची तुलना कशी करावी

जपानी रोल-प्लेइंग (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या) व्हिडिओ खेळांची तुलना करणारे लेखन बहुधा लढाईसाठी एक परिच्छेद आणि नकाशासाठी दुसरा परिच्छेद लिहून दोहोंना स्वतंत्र गुण देते आणि तिथेच थांबते. झेनोब्लेड मालिकेपुरती तरी ही रीत अपुरी पडते. या मालिकेत लढाईसाठी वेगळा पडदा उघडत नाही. ज्या कुरणातून तुम्ही चालत असता त्याच कुरणात, त्याच उतारावर, शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या प्राण्याच्या नजरेच्या टप्प्यात शस्त्र उपसावे लागते. त्यामुळे वाट अडवून उभा असलेला प्राणी हा लढाईचा विषय की भटकंतीचा, हे ठरवताच येत नाही, आणि माझ्या मते तुलनेला नेमकी तिथूनच सुरुवात करायला हवी. चारही मुख्य खेळ पुन्हा पुन्हा खेळताना मी एक वही ठेवली होती. त्या वहीतून जी पद्धत हळूहळू आकाराला आली, ती येथे मांडतो आहे. कथेतील कोणतेही रहस्य तिच्यात उघड केलेले नाही.

ज्यांना मालिका अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मोनोलिथ सॉफ्ट ही संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली आणि २००७ मध्ये ती निन्टेन्डो या जपानी खेळकंपनीच्या ताब्यात आली. तेत्सुया ताकाहाशी हे या मालिकेचे कर्ते. पहिला ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स’ जून २०१० मध्ये जपानात वी या यंत्रावर आला, ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स एक्स’ २०१५ मध्ये वी यूवर, दुसरा भाग डिसेंबर २०१७ मध्ये आणि तिसरा जुलै २०२२ मध्ये स्विचवर आला. ‘एक्स’ क्रमांकित भागांच्या सरळ रेषेत बसत नाही. नाते सांगायचेच तर तो चुलत भाऊ म्हणावा लागेल, पण भटकंतीचा विचार त्याला वगळून करताच येत नाही.

आधी आवृत्ती आणि वेळ ठरवा

वहीच्या पहिल्या पानावर आपण कोणती आवृत्ती खेळत आहोत हे लिहावे. ही कारकुनी बाब वाटेल, परंतु अनेक वाद केवळ ती न लिहिल्यामुळे होतात. पहिल्या खेळाची सुधारित आवृत्ती २०२० मध्ये स्विचवर आली तेव्हा कामगिरीची, म्हणजे खेळाने सोपवलेल्या कामाची, वाट नकाशावर रेषेने दिसू लागली, हव्या असलेल्या वस्तूंवर खुणा आल्या आणि एखाद्या वाराला योग्य जागा साधली आहे की नाही हे त्या वाराच्या चित्रावरच कळू लागले. ज्याने तोच खेळ वीवर खेळला त्याला एक फळ शोधण्यासाठी अख्खे जंगल पालथे घालावे लागले होते. दोघेही खरेच बोलत असतात, पण त्यांनी केलेली भटकंती एक नव्हे. ‘एक्स’च्या मार्च २०२५ मधील स्विच आवृत्तीतही असेच झाले. मूळ खेळात एखाद्या सहकाऱ्याला सोबत घ्यायचे तर न्यू लॉस एंजेलिस शहरात तो जिथे उभा असेल तिथवर चालत जावे लागे. नव्या आवृत्तीत ती निवड मेनूतून होते. शिवाय वार तत्काळ पुन्हा सज्ज करणारी ‘क्विक कूलडाउन’ ही सोय आल्याने लढाईचा वेगही बदलला. म्हणून जुनी जुनीशी आणि नवी नवीशी ताडून पाहावी, आणि तसे शक्य नसेल तर फरक स्पष्ट नोंदवून मगच निष्कर्षाकडे वळावे.

दुसरी गोष्ट वेळेची. या मालिकेतील खेळ आपली लढाई एकदम हातात देत नाहीत. ती पदरापदराने उलगडते, आणि प्रत्येक खेळाचा उलगडण्याचा वेग वेगळा असतो. पहिल्या खेळात पहिल्या काही तासांतच तुम्हाला तिचा गाभा कळतो. दुसऱ्या खेळाची सुरुवातीची लढाई मात्र इतकी संथ आणि अर्धवट आहे की तेवढ्यावर मत बनवणाऱ्याने तो खेळ पाहिलाच नाही असे मी म्हणेन, कारण तिथली यंत्रणा पूर्ण जुळून येईपर्यंत कथेची अनेक प्रकरणे उलटलेली असतात. ‘एक्स’मध्ये तर स्केल नावाच्या अजस्र यंत्रमानवाचा परवाना सहाव्या प्रकरणानंतर आणि त्याला उडण्याची शक्ती नवव्या प्रकरणानंतर मिळते, म्हणजे खेळाची ओळख ठरलेली वस्तू अर्ध्या वाटेवर हाती येते. यावर उपाय एवढाच की प्रत्येक खेळाच्या नोंदी तीन टप्प्यांवर कराव्यात: पहिल्या मोठ्या मैदानात पोहोचल्यावर, कथेच्या साधारण मध्यावर, आणि शेवटच्या प्रकरणाच्या आधी. दोन खेळांची तुलना करताना एकाचा पहिला टप्पा दुसऱ्याच्या तिसऱ्या टप्प्याशी कधीही लावू नये.

पातळ्यांचा हिशेबही याच वेळी ठरवावा. दुसऱ्या खेळात सरायीत आणि तिसऱ्यात मुक्कामाच्या जागी विसावल्यावर साठलेला जादा अनुभव पातळीत बदलून घेता येतो, तर पहिल्याच्या २०२० च्या आवृत्तीत एक्स्पर्ट मोडमध्ये पातळी स्वतः कमी-जास्त करता येते. जो हिंडण्याच्या नादात जादा अनुभव मिळवतो आणि तो लगेच खर्च करतो, त्याला पुढच्या लढाया पोकळ वाटतात आणि दोष मात्र तो लढाईच्या रचनेला देतो. तुलनेसाठी खेळताना हा साठा शिल्लक ठेवावा.

लढाई: वार पुन्हा सज्ज कसा होतो

चारही खेळांत साधे वार आपोआप चालतात आणि खेळाडू ‘आर्ट्स’ म्हणजे खास वार योग्य क्षणी वापरतो. वरवर पाहता चारही लढाया सारख्याच दिसण्याचे कारण हे. खरा फरक शोधायचा तर एकच प्रश्न आधी विचारावा: एकदा वापरलेला खास वार पुन्हा सज्ज होण्यासाठी काय लागते?

पहिल्या खेळात उत्तर आहे: वेळ. वार वापरला की ठरावीक सेकंदांनी तो परत मिळतो, तुम्ही काहीही करत असलात तरी. त्यामुळे मधला वेळ जागा बदलण्यासाठी मोकळा राहतो, आणि खेळाने त्या मोकळ्या वेळाला काम दिले आहे. नायक शल्कचा बॅक स्लॅश हा वार पाठीमागून मारला तरच पुरता लागतो, स्लिट एज बाजूने मारला तर शत्रूचे संरक्षण घटते. चालता चालताही साधे वार चालू राहतात, म्हणून इथली लढाई म्हणजे शत्रूभोवती सतत घातलेली प्रदक्षिणा असते. दुसऱ्या खेळात उत्तर बदलते: खास वार भरतो तो साध्या वारांनी, आणि साधे वार पडतात ते पाय स्थिर असताना. तीन वारांची एक लड पूर्ण केली की तिसरा वार अधिक भरणा करतो, आणि साधा वार लागतो त्याच क्षणी कळ दाबली तर पुढच्या मोठ्या हल्ल्याची तयारी लवकर होते. प्रदक्षिणेची जागा इथे ठेक्याने घेतली आहे. पहिल्या खेळाची सवय असलेला माणूस दुसऱ्यात धावत सुटतो, त्याचे वार भरत नाहीत, आणि लढाई कंटाळवाणी आहे असे तो ठरवून मोकळा होतो. माझ्या स्वतःच्या पहिल्या टप्प्याच्या नोंदीत नेमके हेच लिहिलेले आहे, आणि दुसऱ्या टप्प्यावर मला ते खोडावे लागले.

‘एक्स’ तिसरेच उत्तर देतो. तिथे प्रत्येकाजवळ एक जवळचे आणि एक लांबचे शस्त्र असते. वार वेळेने सज्ज होतोच, पण त्या वाराला साजेसे शस्त्र हातात धरून थांबलात तर त्याच्याभोवतीचे दुसरे कडेही भरते आणि वार अधिक जोरकस होतो. म्हणजे प्रत्येक क्षणी आत्ता मारावे की थांबावे, आणि थांबायचे तर कोणते शस्त्र धरून, हा निर्णय घ्यावा लागतो. तिसऱ्या खेळात केव्हस आणि अॅग्नस या दोन राष्ट्रांचे सैनिक एकत्र येतात, आणि केव्हसचे वार वेळेने भरतात तर अॅग्नसचे साध्या वारांनी. पहिल्या आणि दुसऱ्या खेळाची रीत अशी एकाच माणसाच्या दोन्ही हातांत येते, आणि दोन्हीकडचे वार एकत्र मारले की ‘फ्यूजन आर्ट’ घडते. वंशावळ इतकी उघडपणे लढाईच्या नियमांत लिहिलेली मी अन्य मालिकांत क्वचितच पाहिली आहे. हे ध्यानात न घेता तिसऱ्या खेळाच्या लढाईला केवळ ‘गर्दीची’ म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे.

यानंतर शत्रूचा तोल घालवण्याची साखळी पाहावी, कारण तीही असाच वारसा सांगते. पहिल्या खेळात ब्रेक, मग टॉपल, मग डेझ: शत्रू आधी डळमळतो, मग आडवा पडतो, मग सुन्न होतो आणि अधिक काळ पडून राहतो. दुसऱ्यात ब्रेक आणि टॉपलनंतर लाँच येते, म्हणजे शत्रू हवेत उडतो, आणि शेवटी स्मॅशने तो जमिनीवर आपटला जातो. तिसऱ्यात टॉपलनंतर वाट फुटते. एकीकडे लाँच आणि स्मॅश, दुसरीकडे डेझ आणि बर्स्ट. नोंद करताना केवळ साखळी कोणती एवढे लिहू नये, तर तिचे दुवे कोणाच्या हातात आहेत हे लिहावे. पहिल्या खेळात दोघा-तिघांच्या ठरलेल्या वारांनी काम होते. दुसऱ्यात प्रत्येक लढवय्याजवळ कोणते ब्लेड म्हणजे कोणता शस्त्रधारी सोबती आहे यावर दुवा अवलंबून असतो. नायक रेक्सचा अँकर शॉट हा वार शत्रूला आडवा पाडतो, पण त्याच्या आधीचा ब्रेक दुसऱ्या कोणाला तरी घडवून आणावा लागतो. दुसऱ्या खेळातली दुसरी साखळी मूलद्रव्यांची: आग, पाणी, वारा यांसारख्या गुणांचे तीन हल्ले ठरलेल्या क्रमाने करून शत्रूभोवती गोळे जमवायचे आणि सामूहिक हल्ल्यात ते फोडत जायचे. ही दुहेरी वीण जमू लागल्यावर जे समाधान मिळते ते मालिकेत अन्यत्र नाही, फक्त तिथवर पोहोचेपर्यंत वाचकाला धीर धरायला सांगणे हे तुलना करणाऱ्याचे काम आहे. तिच्या सूचना एकदा पडद्यावर येऊन गेल्या की पुन्हा वाचता येत नाहीत, म्हणून त्या लगेच आपल्या शब्दांत वहीत उतरवून घ्याव्यात. तिसऱ्यात सूचना पुन्हा पाहता येतात आणि सरावाची कवायतही दिलेली आहे.

लढाईविषयीचा आणखी एक प्रश्न मला फार उपयोगी पडला आहे: सहकारी पडला तर त्याला कोण उठवतो? पहिल्या आणि दुसऱ्या खेळात सगळ्यांच्या समाईक पट्टीतला एक हिस्सा खर्च करून जवळचा कोणीही त्याला उठवू शकतो, आणि तीच पट्टी पूर्ण भरल्यावर सामूहिक हल्ला करता येतो. म्हणजे वाचवणे आणि मारणे यांच्यात सतत ओढाताण असते. पहिल्या खेळात तर पुढचा घाव आधीच दिसतो आणि सहकाऱ्याला सावध करायलाही त्याच पट्टीतला हिस्सा द्यावा लागतो, त्यामुळे भविष्य दिसणे ही कथेतील गोष्ट लढाईत हिशेबाची होऊन बसते. तिसऱ्यात उठवण्याचे काम मुख्यतः उपचार करणाऱ्यांकडे असते. तिथे सहा जण आणि सातवा पाहुणा हिरो अशी मोठी फळी लढते, आणि सगळे उपचारक पडले की सामना हातातून निसटू लागतो. ‘एक्स’मध्ये खास उपचारक असा वर्गच नाही, सहकाऱ्याने दिलेल्या हाकेला अनुरूप रंगाचा वार करून प्रतिसाद दिला की त्या देवाणघेवाणीतून जखमा भरतात. या एका प्रश्नाच्या उत्तरांतून प्रत्येक लढाईचा स्वभाव जितका कळतो तितका तो तलवारींच्या आकड्यांतून कळत नाही.

भटकंती: तुम्हाला कोण अडवते

भटकंतीची नोंद करताना नकाशा केवढा मोठा आहे हे लिहिण्याचा मोह टाळावा. मोठेपणा चालून जाणवत नाही. जाणवतो तो अडथळा आणि त्यानंतरची मोकळीक. म्हणून प्रत्येक खेळात एक मैदान निवडावे आणि तिथे काय अडवते ते पाहावे. पहिल्यात गौर मैदान, ‘एक्स’मध्ये प्रायमॉर्डिया, दुसऱ्यात गोर्मोट आणि तिसऱ्यात फोर्निसचा कोरडा मुलूख ही निवड सोयीची आहे.

त्यानंतर अर्ध्या तासाची एक चाल करावी. होकायंत्राची खूण आणि तिसऱ्या खेळातली जमिनीवर उमटणारी मार्गदर्शक रेषा बंद करावी किंवा तिच्याकडे दुर्लक्ष करावे, आणि डोळ्यांना जे खेचेल तिकडे जावे. कुठे निघालात, का निघालात, कुठे अडलात, पोहोचल्यावर काय मिळाले, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ही सवय नव्याने शिकवावी लागत नाही. सुळका दिसला की त्याच्या पायथ्याची वाट शोधणे हाच तो आनंद आहे, आणि या मालिकेचे कर्तेही दुरून दिसणाऱ्या खुणा मुद्दाम तशाच मांडतात.

पहिल्या खेळात तुम्हाला अडवतात ते उंची आणि प्राणी. उडी लहान आहे, उंचावरून पडलात तर इजा होते, वेलींच्या आधाराने चढता येते आणि पोहता येते. पण एखादे ठिकाण सापडले की त्याचा अनुभव लगेच मिळतो, आणि मोठ्या खुणेच्या जागी पुन्हा केव्हाही क्षणात परतता येते. हरलात तरी शेवटच्या खुणेपाशी उभे राहता, गमावत काही नाही. या दोन नियमांमुळे धाडस स्वस्त होते, आणि माझ्या मते पहिल्या खेळाच्या भटकंतीचे यश नकाशापेक्षा या स्वस्ताईत अधिक आहे.

‘एक्स’मध्ये उंचीचा अडथळा जवळपास उरत नाही, कारण उडी मोठी आहे आणि पडल्याने इजा होत नाही. मिरा या ग्रहाचे पाचही खंड, म्हणजे प्रायमॉर्डिया, नॉक्टिलम, ओब्लिव्हिया, सिल्व्हालम आणि कॉल्ड्रोस, आरंभापासून एकसंध आहेत आणि धाडस असेल तर कुठेही जाता येते. तिथे पहारेकरी फक्त प्राणी असतात. शहराच्या वेशीबाहेर पडताच तुमच्यापेक्षा कितीतरी वरच्या पातळीचे महाकाय जीव निवांत चरताना दिसतात. त्यांच्या पायांमधून, त्यांना चाहूल न लागू देता, एखादे शोधयंत्र (जमिनीत रोवायचे सर्वेक्षणाचे उपकरण) रोवण्याच्या जागेपर्यंत सरपटत जाणे हा अनुभव मला या मालिकेतील भटकंतीचा कळस वाटतो. पुढे स्केल उडू लागला की हेच भूदृश्य पुन्हा एकदा नव्याने समोर येते, आणि ज्या कड्याला वळसा घालण्यात तास गेला होता त्यावरून काही क्षणांत जाता येते. हिरोयुकी सावानो यांचे संगीत त्या क्षणाला मोठी साथ देते.

दुसऱ्या खेळाबाबत नोंद करताना अधिक काळजी घ्यावी लागते. त्याचे भूदृश्य विलक्षण आहे: ढगांच्या समुद्रात पोहणारे टायटन नावाचे महाप्राणी आणि त्यांच्या पाठीवर व पोटात वसलेले देश. ढगांना भरती-ओहोटी येते आणि गोर्मोटमध्ये तिच्यामुळे काही वाटा उघडतात, काही झाकल्या जातात, ही कल्पना तर अतिशय देखणी आहे. पण इथे तिसरा अडथळा येतो, तो म्हणजे ‘फील्ड स्किल’. एखादी वेल जाळायला, खडक हलवायला किंवा लांब उडी घ्यायला तो गुण अंगी असलेली ब्लेड त्या क्षणी सोबत लागतात, आणि अनेक ब्लेड स्फटिकांतून दैवयोगाने मिळतात. म्हणजे डोळ्यांनी दिसणारी वाट पायांनी नव्हे, नशिबाने आणि मेनूतील अदलाबदलीने उघडते. चालण्याची लय तुटते ती इथेच. यासाठी वहीत एक वेगळा रकाना करावा आणि अर्ध्या तासात मेनू किती वेळा उघडावा लागला ते मोजावे. वाद घालण्यापेक्षा हा आकडा अधिक बोलका ठरतो.

तिसऱ्या खेळाने या तक्रारीला थेट उत्तर दिले आहे. भिंत चढणे, दोरावरून घसरत जाणे अशी कौशल्ये काही हिरोंच्या कामगिऱ्यांतून एकदा मिळाली की कायमची सगळ्यांची होतात. मात्र रेषा चालू ठेवली तर पाय तिच्यावरूनच चालतात आणि डोळे जमिनीवर खिळतात, म्हणून वरची चाल करताना ती बंद करणे या खेळात सर्वांत महत्त्वाचे आहे.

दोन्ही जिथे भेटतात

आता मुख्य काम. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: लढाई जिंकल्यामुळे नकाशावर काय बदलले, आणि नकाशावर काही सापडल्यामुळे लढाईत काय बदलले?

या प्रश्नांसाठी मालिकेनेच एक मापदंड देऊन ठेवला आहे. टेरिटोरियल रॉटबार्ट नावाचा प्रचंड वानर पहिल्या खेळात गौर मैदानात आणि दुसऱ्यात गोर्मोटमध्ये फिरतो, दोन्हीकडे त्याची पातळी ८१ असते, आणि तुमची मंडळी तिथे प्रथम पोहोचतात तेव्हा दहाव्या पातळीच्या आसपास असतात. दोन्ही खेळांत त्याच्या नजरेस पडून पाहावे. पहिल्यात पातळीतील फरकाने अचूकता झपाट्याने घटते, आपले वार त्याला लागतच नाहीत, आणि एका फटक्यात सर्व संपते. दुसऱ्यातही शेवट तोच, पण मैदानाची रचना आणि त्याचा फेरफटका असा की वाटेतल्या साध्या लढाईत तो मधूनच येऊन धडकतो. पहिल्यात तो दुरून दिसणारा इशारा असतो, दुसऱ्यात तो चालू लढाईत शिरणारा अपघात होतो. एकाच प्राण्याच्या नोंदींतून दोन खेळ मैदान आणि लढाई यांचा सांधा कसा जुळवतात हे स्वच्छ दिसते. पुढे बळ आल्यावर परत येऊन त्याला हरवावे आणि त्या दिवशीची नोंद पहिल्या नोंदीशेजारी लिहावी.

दोन प्रश्नांची माझी उत्तरे अशी आहेत. पहिल्या खेळात नकाशा लढाईला थेट बळ देतो, कारण जागा सापडल्याचा अनुभव पातळी वाढवतो. उलट दिशेने मात्र लढाई नकाशाला फारसे काही देत नाही. ‘एक्स’मध्ये देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. शोधयंत्रे रोवली की पैसा आणि मिरेनियम हे खनिज येत राहते. त्या पैशांतून स्केल आणि शस्त्रे येतात. शत्रूचा एखादा अवयव नेमका तोडला तर त्याचा मारा कमी होतो आणि घडणीचे साहित्यही मिळते. त्या बळावर पुढचा मुलूख गाठता येतो आणि तिथे पुन्हा यंत्र रोवता येते. कथेची काही प्रकरणेही ठरावीक भागाचे सर्वेक्षण झाल्याशिवाय उघडत नाहीत. दुसऱ्यात सांधा माणसांमधून जातो: ब्लेडशी जवळीक वाढली की तिचे लढाऊ गुण आणि वाट उघडणारे गुण एकत्र खुलतात. कल्पना म्हणून मला ही सर्वांत मानवी वाटते, आणि म्हणूनच नशिबाचा भाग तिच्यात नको होता असे मनापासून वाटते. तिसऱ्यात वाटेवरच्या वसाहतीपर्यंत पोहोचलात, तिथल्या हिरोची कामगिरी पुरी केलीत, की लढाईचा एक नवा वर्ग शिकता येतो आणि काही वेळा चालण्याचे नवे कौशल्यही मिळते. दोन्ही बक्षिसे एकाच दारातून येतात, हे फार विचारपूर्वक केलेले आहे.

लढाई स्वतंत्रपणे पाहिली तर मी तिसऱ्याला वर ठेवेन, भटकंतीत ‘एक्स’ला, पण दोहोंचा सांधा पाहिला तर ‘एक्स’ पुन्हा पुढे जातो, आणि पहिला खेळ आपल्या साधेपणामुळे त्याच्या फार मागे राहत नाही. तुमच्या वहीत क्रम वेगळा येऊ शकतो. तो कोणत्या टप्प्यावरच्या, कोणत्या आवृत्तीच्या आणि कोणत्या नोंदींवर उभा आहे हे सांगता आले की तुलना पुरी झाली असे समजावे.

लिहिताना

तुलना लिहून काढताना शब्दांची शिस्त पाळावी. ब्रेक, टॉपल, आर्ट्स असे शब्द खेळात जसे आहेत तसेच ठेवावेत, पण प्रत्येक शब्द पहिल्यांदा येईल तेव्हा त्याने पडद्यावर काय घडते ते एका वाक्यात सांगावे, म्हणजे मालिका न खेळलेला वाचकही सोबत राहतो. ‘चेन अटॅक’ हा शब्द मात्र विशेष जपून वापरावा, कारण नाव एकच असले तरी वस्तू तीन आहेत: पहिल्यात एका रंगाचे वार सलग मारून परिणाम वाढवायचा असतो, दुसऱ्यात गोळे फोडून फेऱ्या वाढवायच्या असतात, आणि तिसऱ्यात प्रत्येकाच्या गुणांची बेरीज शंभर टक्क्यांपर्यंत नेऊन निवडलेला हुकूम पुरा करायचा असतो. ‘दुसऱ्यापेक्षा तिसऱ्याचा चेन अटॅक चांगला’ असे वाक्य त्यामुळे काहीच सांगत नाही. गोळे जमवण्याची पूर्वतयारी आवडते की आयत्या वेळची बेरीज आवडते, असे विचारले तर वाचक स्वतःचे उत्तर शोधू शकतो.

शेवटी वेळ मिळाला तर दोन छोट्या जोड-खेळांवर आपले निष्कर्ष तपासून घ्यावेत. २०१८ मधील ‘तोर्ना’ दुसऱ्या खेळाची फील्ड स्किलची पद्धत कायम ठेवतो, पण सोबती ठरलेले असतात आणि स्फटिकांचा दैवयोग नसतो. म्हणून दुसऱ्या खेळात तुम्हाला खटकले ते वाटेवरचे कुलूप होते की नशिबाने मिळणारी किल्ली, हे इथे वेगळे करून पाहता येते. फक्त कथा पुढे जाण्यासाठी लोकांच्या कामगिऱ्या करून कम्युनिटीची पातळी वाढवण्याची अट तिथे दोनदा आडवी येते, ती वेगळ्या रकान्यात लिहावी. एप्रिल २०२३ मधील ‘फ्यूचर रिडीम्ड’मध्ये जागा शोधणे, नवी वस्तू उचलणे, विशेष प्राणी हरवणे या सगळ्यांतून एकाच प्रकारचे गुण मिळतात आणि त्या गुणांनीच लढवय्यांचे वार व साधने बसवण्याच्या जागा खुलत जातात. या दोन खेळांत अर्ध्या तासाची तीच चाल पुन्हा करावी, मेनू उघडण्याची मोजणी पुन्हा घ्यावी, आणि मूळ खेळांच्या पानांसमोर ही पाने लावून वरचे दोन प्रश्न पुन्हा एकदा सोडवावेत.